फाउंडेशन की ड्यून, आधी कुठलं उचलायचं?

ॲसिमॉव्हचं फाउंडेशन आणि हर्बर्टचं ड्यून, इंग्रजी सायफायमधली ही दोन्ही नावं तुमच्या यादीत कधीची पडून असणार आणि कथाही थोडीफार कानावर आली असेल, त्यामुळे ते परत सांगत बसत नाही. सध्या एकच घ्यायचंय तर कुठलं, एवढाच प्रश्न. १९६६ च्या ह्यूगोवाल्यांनीही (सायफायचा मोठा पुरस्कार) तो सोडवला नाही म्हणा, फाउंडेशनला आजवरची सर्वोत्तम मालिका म्हणून दिलं आणि ड्यूनला त्या वर्षीची कादंबरी म्हणून, तेही रॉजर झेलाझ्नी या लेखकाच्या पुस्तकाबरोबर वाटून.

वाचायला सोपं कुठलं विचाराल तर डोळे झाकून फाउंडेशन. ॲसिमॉव्हची भाषा सरळ आहे, आणि मुळात बऱ्याचशा १९४२ पासून मासिकात आलेल्या गोष्टी आहेत त्या, त्यामुळे एक संकट निस्तरलं की पुस्तक मिटून झोपता येतं. रोमन साम्राज्याची पडझड आकाशगंगेएवढी मोठी करायची आणि तीस हजार वर्षांचा अंधार गणिताच्या जोरावर हजारावर आणायचा, ही आयडिया आजही भन्नाट वाटते. पहिल्या पुस्तकात बायका जवळजवळ नाहीतच, सगळे नुसते खोल्यांत बसून बोलतात, अशा तक्रारी लोक करतात आणि त्या खऱ्या आहेत, पण मला त्याचा तितका त्रास झाला नाही.

माझं बिनसलं ते वेगळ्याच गोष्टीवरून. हीरोला उत्तर माहीत असतं, आपण पानंच्या पानं त्याच्या शेजारी बसलेलो असतो, त्याच्या मनातलंही ऐकत असतो, आणि लेखक नेमकं तेवढंच झाकून ठेवतो. फाउंडेशनच्या टर्मिनस ग्रहावर शेजारच्या ॲनाक्रिऑन राज्याची माणसं उद्या उतरणारेत, सगळ्यांची तंतरलीये, आणि तिथला महापौर हार्डिन मनात म्हणतो की उपाय तर उघडच आहे, की संपला भाग! पुढचा भाग उघडावा तर तीस वर्षं उलटलेली. मग बोलता बोलता कळतं की तो बाकीच्या तीन राज्यांकडे जाऊन आला होता, अणुशक्ती एकट्या ॲनाक्रिऑनच्या हाती गेली तर तुमचं काय होईल ते बघा म्हणाला, आणि त्या तिघांनी मिळून दम भरला. अहो पण हीच तर गोष्ट होती! ती फेरी दाखवा ना. पुढे मॅलो या व्यापाऱ्याचंही तेच, युद्ध सुरू आणि हा ढिम्म बसलेला, आणि शेवटी उलगडा करतो की शत्रूच्या घरातल्या अणूवर चालणाऱ्या सुऱ्या आणि स्टोव्ह बंद पडायला लागले की लोक आपोआप कुरकुरतील. डोकं आहेच त्यात, नाही कोण म्हणतंय, पण एकदोनदा असं झाल्यावर मी गोष्ट वाचायचं सोडून शेवटच्या खुलाशाची वाट बघायला लागलो. म्यूल नावाचा विजेता येतो तो भाग याला अपवाद म्हणता येईल, तिथे खुद्द सेल्डनचं, म्हणजे ज्याने हे भविष्य मांडलं त्याचं, गणितच फसतं त्यामुळे मजा येते, पण तो दुसऱ्या पुस्तकाच्या उत्तरार्धात, तिथवर पोचायला हवं.

आता हर्बर्टने काय केलंय बघा. हीरो पॉलच्या घरात फितूर कोण, हे ड्यूनमध्ये दुसऱ्याच प्रकरणात त्यांचा शत्रू बॅरन याच्यासमोर त्याचाच माणूस पायटर सांगून टाकतो. घरचाच डॉक्टर युए. संपलं रहस्य. आणि तरीही युए पॉलला ते छोटंसं धर्मग्रंथाचं पुस्तक भेट देतो तेव्हा पोटात गोळा येतो, कारण आपल्याला माहितीये, पोराला नाही, आणि त्या माणसाला स्वतःचीच लाज वाटतेय. पुढे काय होणार हे सांगूनही धाकधूक टिकवायची हे मला जास्त अवघड काम वाटतं, अर्थात हे माझं मत, गणिती डोक्याच्या माझ्या एका मित्राला ॲसिमॉव्हचीच पद्धत पटते.

दुसरं म्हणजे पाणी. मेजवानीचा प्रसंग आहे, जो २०२१ च्या सिनेमात नाहीच. अराकीस या कथेतल्या वाळवंटी ग्रहावरच्या बड्या घरात रीत अशी की पाहुण्यांनी हात बुचकळायचे, पाणी मुद्दाम जमिनीवर सांडायचं, टॉवेलला हात पुसून तो त्याच थारोळ्यात फेकायचा, आणि जेवणं झाल्यावर त्या टॉवेलांचं पिळलेलं पाणी दाराबाहेरच्या भिकाऱ्यांना. पॉलचे वडील ड्यूक लेटो, ते ती रीत बंद करतात आणि दारात येईल त्याला कपभर पाणी द्यायला सांगतात. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी येताना ज्यांनी बघितलंय त्यांना हे पान परग्रहावरचं वाटणार नाही. त्या एका पानात अख्ख्या ग्रहाचं राजकारण कळतं, कुणालाही खुलासा करत बसावं लागत नाही.

ड्यूनला खोट नाही असं नाही. पहिली शंभरेक पानं जड जातात, नवनवीन नावांचा नुसता मारा, मागे शब्दार्थांची यादी आहे पण दर दोन मिनिटांनी तिकडे पळत राहिलात तर कंटाळून सोडून द्याल, नाही कळलं तर पुढे जायचं, आपोआप उलगडतं. प्रत्येकाच्या मनातलं तिरक्या अक्षरांत छापलंय तेही कधीकधी अति होतं. आणि ज्या पुस्तकाला वीसेक प्रकाशकांनी नकार दिला आणि शेवटी गाडी दुरुस्तीची मॅन्युअल्स काढणाऱ्या कंपनीने छापलं ते पहिल्या पानापासून गोड बोलेल अशी अपेक्षाही नको.

तर लोकलमध्ये उभ्याने, तुकड्यातुकड्यात वाचणार असाल, किंवा इंग्रजी सायफायची ही पहिलीच वेळ असेल तर फाउंडेशन घ्या, १९५१ ते ५३ ची तीन पुस्तकं त्याच क्रमाने, नंतर लिहिलेल्या आधीच्या काळातल्या कथा मागाहून. पण आठ-दहा दिवस निवांत मिळणार असतील, दिवाळीची सुट्टी वगैरे, तर माझ्या मते ड्यून. आवडलं तर १९६९ चं ड्यून मसाया लगेच वाचा, कारण पॉलला नुसता हीरो समजून बसलेल्यांचा हिशोब तिथे चुकता होतो. चौथ्यापासून पुढे आपापल्या जबाबदारीवर.