काउन्सिलची दुभाषी सेवा आणि लेस्टरची दिवाळी: माझे तारे

आधी तारे देऊन मोकळा होतो. आमच्या काउन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, दुभाषी सेवेला पाचपैकी चार. त्याच काउन्सिलच्या छापील भाषांतरित पत्रकाला एक, तोही कागद गुळगुळीत होता म्हणून. आणि लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवरच्या दिवाळीला साडेचार. अर्धा कापला तो चकलीसाठी, त्यावर नंतर येतो.

आम्ही मूळचे कराडचे. राहतो इंग्लंडच्या मिडलँड्समध्ये, लेस्टरपासून तासाभरावरच्या एका गावात. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण तिथल्या ज्यांनी घोळ घातला त्यांनीच तो निस्तरलाही. वडील गेल्यावर, २०११ साली, आई इथे कायमची आली. पुढच्याच वर्षी जुलैमध्ये वयस्कर आईवडिलांना आणण्याचे नियम इतके आवळले गेले की वर्षभर उशीर केला असता तर ती येऊच शकली नसती. आज ती ७८ वर्षांची आहे. इंग्रजी तिला 'थँक्यू', 'नो शुगर' आणि बसमधून उतरताना ड्रायव्हरला म्हणायचं 'चिअर्स डार्लिंग' एवढं येतं. शेवटचं कुठे शिकली, विचारायचं धाडस मी केलेलं नाही.

गेल्या वर्षी तिचे गुडघे फारच धरायला लागले तेव्हा काउन्सिलकडे केअर असेसमेंटसाठी अर्ज केला. २०१४ च्या केअर ॲक्टप्रमाणे हे काउन्सिलचं कामच आहे. आंघोळ, कपडे, स्वयंपाक, घरात फिरणं यातलं माणसाला काय जमतं नि काय जमत नाही हे बघायचं आणि त्याप्रमाणे मदत ठरवायची. पहिली विचारपूस फोनवर झाली. आई शेजारी, फोन माझ्या हातात. आंघोळ स्वतः करतात का, असं पलीकडून विचारलं. मी आईकडे बघितलं. "करते की. मला काय धाड भरलीय?" मी इंग्रजीत सांगितलं, शी मॅनेजेस. पाच मिनिटांत फोन संपला.

मॅनेजेस. हा शब्द मी वर्षभर डॉक्टरकडे, फार्मसीत, शेजाऱ्यांकडे, सगळीकडे वापरत होतो.

घरी भेटीची वेळ ठरवताना सोशल वर्कर बाई म्हणाल्या की प्रत्यक्ष भेटीत घरच्या माणसाचं भाषांतर चालणार नाही, आम्ही दुभाषी देऊ. मला खरं तर रागच आला. पंचवीस वर्षं इथे इंग्रजीत नोकरी केलेला मी, माझ्या आईचं बोलणं मला कळत नाही काय? वर त्या दुभाष्याचे पैसे माझ्याच काउन्सिल टॅक्समधून, म्हणजे इथल्या घरपट्टीतून, जाणार, जो केअरची कामं बघणाऱ्या बहुतेक काउन्सिलांप्रमाणे आमचाही अलीकडे दर एप्रिलला ४.९९ टक्क्यांनी वाढतो. पाच टक्क्यांना गेला की सार्वमत घ्यावं लागतं, म्हणून हा बाटाच्या चपलेसारखा आकडा.

पहिली भेट फसली. 'इंडियन लेडी' एवढीच नोंद पुढे गेली असावी, कारण फोनवर आल्या त्या हिंदीच्या दुभाषी. आई हिंदी बोलते, पण ती मालिकांतून आलेली आणि कराडच्या भाजीमंडईतून धुऊन काढलेली. "मेरे कमर में उसण भरती है," ती म्हणाली. पलीकडे शांतता. मग गुडघ्यांचं झालं, मग झोपेचं. "रात को उठती ना, तो जीव जाता की क्या ऐसा लगता है." हे इंग्रजीत गेलं ते असं, की रात्री या बाईंना घरात आपल्या जिवाची भीती वाटते. सोशल वर्करांनी वही मिटली, माझ्याकडे बघितलं आणि अगदी मऊ आवाजात विचारलं की रात्री घरात आणखी कोण कोण असतं. माझी बायको हसू दाबत माडीवर पळाली. मला ते निस्तरायला अर्धा तास लागला, आणि ते मीच निस्तरायचं म्हणजे संशयितानेच स्वतःची जबानी भाषांतरित करण्यासारखं होतं. एक तारा कापला तो इथे. त्यानंतर मराठीची दुभाषी मिळायला तीन आठवडे लागले, तेही त्याच ताऱ्यात धरा.

त्या तीन आठवड्यांत पत्रक आलं. 'आपकी देखभाल संबंधी आवश्यकताओं का मूल्यांकन', आठ पानं, रंगीत. आईने चष्मा लावून दोन ओळी वाचल्या आणि विचारलं, "कोर्टाची नोटीस आलीय काय रे?" शेवटच्या पानावर सात-आठ लिप्यांत एकेक ओळ होती, की तुमच्या भाषेत माहिती हवी असेल तर फोन करा. फोन केला तर यंत्र इंग्रजीत सांगतं, कोणत्या कामासाठी कोणता आकडा दाबायचा.

दुसरी भेट ऑक्टोबरात. सोशल वर्करांनी फोन स्पीकरवर लावून जेवणाच्या टेबलावर, लोणच्याच्या बरणीला टेकवून ठेवला. पलीकडून वऱ्हाडी वळणाचा बाईचा आवाज आला. "नमस्कार मावशी. तुम्ही बोलाल ते मी जसंच्या तसं इंग्रजीत सांगीन. माझं त्यात काही घालणार नाही, आणि इथलं बाहेर कुणाला बोलणार नाही." आईने साडीचा पदर सारखा केला. फोनसमोर. मग सोशल वर्कर मला म्हणाल्या, तुम्ही जरा चहा करता का?

मी स्वयंपाकघरात गेलो. केटल दोनदा उकळली. आई बोलतच होती. तिचा चढउतार दारातून ऐकू येत होता, शब्द नाही. मध्येच दोघी हसल्या, म्हणजे आई आणि फोन.

पाऊण तासाने, आईला विचारून, मला आत बोलावलं आणि लिहून घेतलेलं वाचून दाखवलं. होळीपासून तिला टबाच्या काठावरून पाय उचलता येत नव्हता. ती पंचा ओला करून बेसिनपाशी अंग पुसून घेत होती आणि आम्हाला ऐकू जावं म्हणून शॉवर नुसता चालू ठेवत होती. रात्री संडासात दोनदा पडली होती. मांडीवरचा काळानिळा डाग तिने मला दाखवायचा प्रश्नच नव्हता, सुनेलाही दाखवला नव्हता. का, ते तिने दुभाषीला सांगितलं होतं: पोरगा आधीच दमून येतो. हे ती मला कधीही सांगणार नव्हती, आणि मी भाषांतर करत असतो तर ते वाक्य माझ्याच तोंडून इंग्रजीत जायला हवं होतं.

पुढचं पटकन झालं. संडासात दोन आणि न्हाणीघरात एक धरायचा दांडा, टबावर आडवी टाकायची बसायची फळी, जिन्याला दुसऱ्या बाजूचा कठडा. इंग्लंडात अशी हजार पौंडांच्या आतली घरदुरुस्ती आणि लागणारी साधनं केअर ॲक्टखाली फुकट मिळतात, हे मला तोवर माहीत नव्हतं. आमचं काम एका सकाळी झालं. आता फळीवर बसून ती खरी आंघोळ करते, पाणी संपेपर्यंत.

कोणाला ही सेवा घ्यायची असेल तर अनुभवाचे बोल. 'इंडियन' म्हणू नका, 'मराठी' म्हणा, आणि स्पेलिंग सांगा. बाई हवी असेल तर आधीच मागा. पहिल्या दोन मिनिटांत भाषा जुळत नाही असं वाटलं तर तिथेच थांबवा. भिडेखातर पुढे रेटलंत तर माझ्यासारखी चौकशी होईल.

आता माझं पाप कबूल करतो. २०१३ च्या मार्चमध्ये तेव्हाचे मंत्री एरिक पिकल्स यांनी काउन्सिलांना सांगितलं होतं की परकीय भाषांतली भाषांतरं थांबवा, पैसे वाचतील आणि लोक इंग्रजी शिकतील. मी तेव्हा ऑफिसात त्यांची बाजू घेऊन वाद घातला होता. त्याआधी २००७ मध्ये लेबर सरकारच्या मंत्री हेझल ब्लिअर्स यांनीही साधारण तोच सूर लावला होता, भाषांतर आपोआप करू नका, खरंच गरज आहे का ते आधी बघा. पत्रकांपुरते दोघंही बरोबर होते असं मी आजही म्हणतो. ती आठ पानं कुणी वाचली असतील तर ज्याने टाइप केली त्याने. पण २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये इंग्रजी नीट बोलता न येणारे ८ लाख ८० हजार आणि अजिबात न येणारे १ लाख ६१ हजार लोक निघाले. त्या दुसऱ्या आकड्यात आई आहे. जनगणनेचा फॉर्म मीच भरला होता. ७८ व्या वर्षी तिला इंग्रजी शिकवून मग संडासात दांडा लावायचा, हा हिशोब मला तेव्हा पटला होता याची लाज वाटते. शिवाय ती इंग्रजी शिकलीही असती, तरी मी खोलीत असताना काय बोलणार होती?

दिवाळीचं वेगळं.

लेस्टरला आम्ही २०२४ ला गेलो, आईला व्हीलचेअरमध्ये घेऊन. बेलग्रेव्ह रोड म्हणजे गोल्डन माइल. सोन्याची दुकानं, साड्या, मिठाया, मधेच गांधीजींचा पुतळा, त्याला आईने चालत्या खुर्चीतून नमस्कार केला. रस्त्यावर आडव्या दिव्यांच्या माळा, गाड्या बंद, मोठं फिरतं चक्र, हजारोंची गर्दी. तिकीट नाही. पोलीस, प्रथमोपचाराचे तंबू, खुर्चीसकट आत जाता येईल असा तात्पुरता संडास. हे शेवटचं ज्यांच्या घरी म्हातारं माणूस आहे त्यांनाच कळेल. त्या एका सोयीसाठी मी डोळे झाकून पाच तारे दिले असते, पण 'चकरी' नावाने जे मिळालं त्यात ना हळद ना तिखट, नुसता मऊ तांदूळ. आई म्हणाली, "हिला भाजणीचा वासबी लागला न्हाई."

या रस्त्याची एक गोष्ट मला फार आवडते. १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातल्या आशियाई लोकांना नव्वद दिवसांत चालते व्हा म्हटलं, तेव्हा लेस्टरच्या काउन्सिलने तिथल्या 'युगांडा आर्गस' या वर्तमानपत्रात पैसे देऊन जाहिरात छापली: आमच्याकडे घरं, शाळा, दवाखाने भरलेले आहेत, लेस्टरला येऊ नका. लोक आलेच. काही तर म्हणे जाहिरातीमुळेच गावाचं नाव कळून आले. आणि १९८३ पासून त्याच गावात दिवाळीचे दिवे लागतात. काउन्सिलने त्या लोकांवर केलेला पहिला खर्च त्यांना अडवण्याचा होता, हे तिथे उभं राहून आठवलं की माळा जरा जास्तच उजळ दिसतात.

तरीही काउन्सिलने सणावर पैसे घालावेत का, यावर मी दुभाष्याइतका ठाम नाही. बर्मिंगहॅमने सप्टेंबर २०२३ मध्ये कलम ११४ ची नोटीस काढली, म्हणजे तिजोरी रिकामी असल्याची कबुली. पुढच्या वर्षी तिथला काउन्सिल टॅक्स ९.९९ टक्क्यांनी वाढला. तिथे राहणारा माझा मित्र २०२५ च्या कचरा संपात काळ्या पिशव्या गाडीत घालून आगारापर्यंत पोचवत होता. त्याच्यासमोर मी आतषबाजीची बाजू मांडणार नाही. २०२५ ला लेस्टरनेही गर्दीच्या सुरक्षेचं कारण देऊन स्टेज आणि आतषबाजी वगळली. दिवे राहिले, रस्ता गाड्यांना बंद राहिला. काहीजण फार चिडले. मला वाटतं, काउन्सिलने करायचं तेवढं उरलं. रस्ता बंद करणं, कचरा उचलणं, संडास, ॲम्ब्युलन्स ही कामं कुठलंही मंडळ स्वतः करू शकत नाही, आणि पुण्यात विसर्जनाचे हौद महापालिकाच बांधते ना? गाणारा, नाचणारा, फराळ हे ज्याचं त्याने वर्गणीतून बघावं.

हे मी आमच्या मंडळाच्या अनुभवावरूनही बोलतो. शाळेचा हॉल भाड्याने घेऊन आम्ही गणपती बसवतो, घरटी वर्गणी, जेवण डब्यांतून. एका वर्षी कुणाच्या तरी डोक्यातून काउन्सिलचं पाचशे पौंडांचं अनुदान मागायचं निघालं. फॉर्म चौदा पानी. आरतीतल्या कापरासाठी जोखमीचा तक्ता भरायचा होता: ज्वालेची उंची, जवळचे पडदे, पाण्याची बादली कुणाच्या ताब्यात. बादलीचा प्रमुख म्हणून माझं नाव घातलं गेलं. विम्यालाच दोनशे पौंड गेले. पुढच्या वर्षी आम्ही वर्गणी पाच पौंडांनी वाढवली आणि फॉर्म विसरलो. बादली मात्र अजून माझ्याकडे आहे.

आईला त्या वऱ्हाडी दुभाषीचं नाव हवं होतं. ते सांगत नाहीत, आणि पुढच्या वेळी तीच येईल याची खात्रीही नसते. "मग तिला निरोप तरी दे, पाय आता उचलतोय म्हणावं," म्हणाली. मी सोशल वर्करांना ईमेल केली. त्यांनी पाठवते म्हणून कळवलं.

पुढच्या महिन्यात काउन्सिलचा आढावा आहे. त्याचा फॉर्म आलाय. तिसऱ्या पानावर प्रश्न आहे, भेटीच्या वेळी कुटुंबातलं कोणी भाषांतर करू शकेल का. मी 'नाही'वर खूण केली आणि पुढच्या चौकटीत मोठ्या अक्षरांत लिहिलं: मराठी.