चंदगड-तिलारीच्या जंगलाचे जुने नकाशे : एक इंची घ्यायचा की अमेरिकन शीट?

कोल्हापुरातनं चंदगड, तिलारीकडं जंगलात फिरणारे आम्ही दोन-चार जण, आणि आमच्यात कायम हाच वाद.

अमेरिकन आर्मीचा यू५०२ सिरीजचा नकाशा, १:२५०,००० चा, नेटवर फुकट मिळतो, डाऊनलोड केला की झालं. अख्खा सह्याद्रीचा कडा, खाली कोकण, पलीकडं बेळगाव, सगळं एकाच नजरेत येतं आणि कुठली नदी कुठं उतरते ते पटकन कळतं. पण एक किलोमीटर म्हणजे कागदावर फक्त ४ मिलिमीटर, त्यात पाऊलवाट काय दिसणार हो?

सर्व्हे ऑफ इंडियाचा जुना एक इंची, म्हणजे एका इंचात एक मैल दाखवणारा, १:६३,३६० चा, तिथं तोच किलोमीटर जवळजवळ १६ मिलिमीटर होतो. विहीर, देऊळ, चार घरांची वाडी, घाटातनं उतरणारी तुटक रेघेची वाट, सगळं आहे. भिंग घेऊन बसलं की तास कसा जातो कळत नाही. कंटूर, म्हणजे सारख्या उंचीच्या रेघा, मात्र दर ५० फुटांना, मीटर समजून वाचलात तर चढाचा अंदाज पार चुकतो.

आणि सीमा बघाच! १९५६ च्या आधीच्या शीटवर चंदगड बेळगाव जिल्ह्यात, शेजारी गोवा पोर्तुगीजांचा, म्हणजे आज जिथं आपण गाडी न थांबवता जातो तिथं दोन देशांची हद्द होती. तिलारीचं धरण दोन्हीत नाही, नुसती दरी.

मी तरी एक इंचीच घेणार. अमेरिकन शीट घरी बसून रूट ठरवायला ठीक, पण जंगलात उतरताना तेवढ्यावर जाऊ नका.