रेलिब : उन्हाळ्यापासून वापरून राहिलो, आता सांगतो

उन्हाळ्याच्या सुट्टीत रेलिब (raylib) धरली, म्हणजे कोडमधून चित्रं काढायची लायब्ररी, सी भाषेमधेच, आणि आता दिवाळी होऊन गेली तरी सोडाविशी वाटली नाही. आपल्या नागपुरात अजून कितीतरी पोट्टे टर्बो सी हा जुना कंपायलर आणि त्याची चित्रं काढायची ग्राफिक्स डॉट एच, यांच्यावरच वर्तुळं काढून राहिलेत, १६ रंगात, ६४० बाय ४८० च्या स्क्रीनवर, त्यांच्यासाठी मुद्दाम लिहितो.

सुरुवात एकदम सोपी आहे. इनिटविंडोने खिडकी उघडायची आणि बिगिनड्रॉइंग-एन्डड्रॉइंगच्या मधात आकार काढायचे, बस. सर्कलला मध्यबिंदू आणि त्रिज्या. रेक्टँगलला मात्र वरचा डावा कोपरा आणि रुंदी-उंची द्यायची, ग्राफिक्स डॉट एच सारखे समोरासमोरचे दोन कोपरे नाही, म्हणून लॅबमधला कोड जसाच्या तसा चिकटवू नका.

त्रिकोणाचं नीट ऐका भाऊ. तीन बिंदू घड्याळाच्या उलट दिशेनेच द्यावे लागतात, नाहीतर त्रिकोण दिसतच नाही आणि एरर पण येत नाही, कारण उलट फिरलेला त्रिकोण म्हणजे मागची बाजू समजून तो काढलाच जात नाही. हे ग्राफिक्समधलं खरं शिक्षण आहे आणि ते इतक्या लवकर समोर येतं हे मला फार आवडलं.

मी दीक्षाभूमीचा स्तूप काढायला घेतला. घुमटासाठी ड्रॉसर्कलसेक्टर, म्हणजे वर्तुळाची फाक काढणारं फंक्शन, १८० ते ३६० अंश, स्क्रीनवर वाय अक्ष खाली वाढतो म्हणून हाच वरचा अर्धा भाग येतो. कोन अंशातच असतात, रेडियनची कटकट नाही. आणि इथेच कळलं की वर्तुळ असं काही नसतंच, सगळे त्रिकोण शेजारी-शेजारी लावलेले असतात! साध्या ड्रॉसर्कलमधे ३६ तुकडे असतात, छोट्या गोळ्याला चालतं पण स्क्रीनभर वर्तुळ काढलं की कडेला कोपरे दिसतात. मग ड्रॉसर्कलसेक्टर घेऊन सेगमेंट, म्हणजे तुकडे, १०० वगैरे करा, गुळगुळीत होतं. जाड कड पाहिजे असेल तर ड्रॉरिंग.

नाराजी एकच, मराठीची. डीफॉल्ट फॉन्टमधे देवनागरी नाही, आणि फॉन्ट लोड केला तरी जोडाक्षरं जुळत नाहीत, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे यायची ती उजवीकडे जाऊन बसते. "दीक्षाभूमी" मधला क्ष फुटतो. सध्या मी नाव दुसरीकडे लिहून चित्र म्हणून लोड करतो, चालतं, पण मराठीतून शिकवणाऱ्याला हे फार खटकतं.