दांडिया बाजारातला कॉम्प्युटर क्लास: ई-मेल जमला!

वय 68, नातू टोरांटोला, म्हणून बडोद्यातल्या या क्लासला नाव घातलं. सरांनी पहिल्याच दिवशी छान उलगडून सांगितलं: ई-मेल थेट समोरच्याच्या कॉम्प्युटरवर जात नाही, सर्व्हरवर, म्हणजे पत्रं सांभाळणाऱ्या कायम चालू कॉम्प्युटरवर थांबतो. तिकडे मध्यरात्र असली तरी पत्र वाट बघतं. पत्त्यातलं ॲटचं चिन्ह (@) 1971 मध्ये अमेरिकन प्रोग्रामर रे टॉमलिन्सन यांनी निवडलं. डावीकडे माणूस, उजवीकडे त्याच्या पत्रपेटीचं ठिकाण. हे वहीत लिहून ठेवलंय. सीसी-बीसीसी (तेच पत्र इतरांनाही उघडपणे किंवा गुपचूप पाठवायची सोय) मात्र घाईत उरकलं, मला दोनदा विचारावं लागलं. खुर्च्याही बुटक्या, गुडघे दुखतात. पण बेसनलाडवाची कृती फोटो जोडून पाठवली आणि सकाळी उत्तर आलं, “आजी, तूप किती?” तिथेच डोळे भरून आले.