जुन्या ठाण्यातल्या बागेतलं रविवारचं श्रमदान: नक्की जा

ठाण्यात झाडांचं काम करायला कुठे जायचं असं बरेच जण विचारतात, म्हणून लिहितेय. जुन्या ठाण्यात एका देवळाच्या मागे खूप जुनी बाग आहे, विहीर आहे, बकुळ, सोनचाफा, कवठी चाफा, सुरंगी, दोन म्हातारे आंबे. रविवारी सकाळी तिथले माळीकाका आणि आसपासची काही रिटायर्ड मंडळी काम करतात आणि कोणीही जाऊन हात लावू शकतं, फी नाही, फॉर्म नाही.

मला सगळ्यात आवडलं ते म्हणजे इथे रोपं लावायचा कार्यक्रमच नाही. वृक्षारोपणाचे फोटो आणि पुढच्या मे महिन्यात वाळलेली काडी हे आपण सगळ्यांनीच बघितलंय. इथे जे उभं आहे ते जगवायचं. 2021 मध्ये राज्याच्या कायद्यात बदल होऊन शहरांतल्या 50 वर्षांवरच्या झाडांना हेरिटेज ट्री म्हणायला लागलेत, चांगलंच झालं, पण रोजची देखभाल शेवटी कोणीतरी करायलाच लागते ना.

आणि काम खरंच शिकवतात. आंब्यावर बांडगूळ माजलं होतं, मला वाटायचं ओढून काढलं की झालं, पण त्याची मुळं फांदीच्या आत घुसलेली असतात, नुसतं ओढलं की परत फुटतं, म्हणून चिकटलंय त्याच्या फूटभर खालून फांदीच कापायची आणि कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट लावायची, म्हणजे मोरचूद आणि चुना पाण्यात कालवून. बांडगुळाचं बी चिकट असतं, फुलटोच्या पक्षी ते फांदीवर पुसून टाकतो आणि तिथेच ते रुजतं. हे ऐकल्यापासून मी रस्त्यावरच्या प्रत्येक आंब्याकडे मान वर करून बघते.

सुरंगीची फुलं जुन्या निबर फांद्यांवरच येतात, त्यामुळे साफसफाई म्हणून कोणी त्या छाटल्या की बहर गेलाच. खोडाजवळ कुदळ अजिबात चालवू देत नाहीत, कारण पाणी आणि अन्न घेणारी बारीक मुळं वरच्या फूट-दीड फुटातच पसरलेली असतात, तिथे फक्त खुरपी. पालापाचोळा जाळत नाहीत, आळ्यात पसरतात, पण खोडाला टेकू द्यायचा नाही, नाहीतर साल कुजते.

खटकलेलं पण सांगते. मागे कधीतरी बागेत पेव्हर ब्लॉक टाकलेत ते पार खोडापर्यंत, काकांनी मागे लागून एका बकुळीभोवतीचे काढून घेतले, बाकीची झाडं अजून तशीच गुदमरतायत आणि ते बघून फार वाईट वाटतं. चांगली कात्री एकच आहे, ग्लोव्हज आपले आपण न्यायचे, बाथरूमची सोय नाही. जुलैत सर्टिफिकेटसाठी कॉलेजची एवढी मुलं एकदम येतात की ओली माती तुडवून घट्ट होते, त्यांना छोट्या बॅचमध्ये बोलवायला हवं.

राणीची बाग 1862 पासूनची आहे, तिथली उर्वशी आणि गोरखचिंचेची झाडं बघायला भायखळ्याला जायलाच हवं, पण झाडाला हात लावून काम शिकायचं असेल तर ही जागा घराजवळ आहे.

5 पैकी साडेचार. पावसाच्या आधी, एप्रिल-मेमध्ये गेलात तर वाळक्या फांद्या काढायचं काम जास्त असतं आणि तेव्हाच माणसं कमी पडतात. बूट घाला, पाण्याची बाटली न्या, मुलांना जरूर न्या, फक्त शिडीखाली उभं राहू देऊ नका.