बी.ए. ते एम.ए. इतिहास: पाच वर्षांनंतरचा माझा अनुभव (बडोदा)

तीन वर्षं बी.ए., मुख्य विषय इतिहास, मग दोन वर्षं एम.ए. शेवटचा पेपर देऊन आता आठ महिने झाले. बारावीनंतर इतिहास घेते म्हटल्यावर आमच्या दांडिया बाजारातल्या वाड्यात प्रत्येकानं एकच विचारलं होतं, "पुढे काय करणार?" त्याचं उत्तर पुढे देते. आधी विषय शिकताना काय होतं ते लिहिते, कारण ते मला कोणी सांगितलं नव्हतं. कॉलेजचं नाव लिहीत नाही.

माझी आजी लहानपणी एक गोष्ट सांगायची. बडोद्याच्या मल्हारराव गायकवाड महाराजांनी गोऱ्या साहेबाला सरबतातून विष घातलं, म्हणून इंग्रजांनी त्यांना गादीवरून काढलं आणि नाशिककडच्या कवळाण्याहून गोपाळराव नावाचा मुलगा आणला, ते आपले सयाजीराव. बडोद्यातल्या मराठी घरांत ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते. बी.ए. आणि एम.ए. यांत फरक काय, हे मला या एका गोष्टीवरूनच नीट सांगता येईल.

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला ती पाच मार्कांची टीप झाली. 1870 साली आधीचे महाराज खंडेराव यांचा मृत्यू, मल्हाररावांचा गैरकारभार, रेसिडेंट (दरबारातला इंग्रज सरकारचा प्रतिनिधी) कर्नल फेअर, विषप्रयोग, 1875 ची पदच्युती, सयाजीरावांचं दत्तकविधान. सहा मुद्दे. मी ते क्रमानं पाठ केले आणि मला साडेचार मार्क मिळाले.

एम.ए.च्या पहिल्या वर्षी मॅडमनी सेमिनारला तोच विषय दिला. अट एकच, नंतरच्या कुणी लिहिलेला इतिहास उघडायचा नाही, आधी चौकशीचे कागद वाचायचे. विषप्रयोगाची चौकशी करणाऱ्या आयोगाचं कामकाज छापील मिळतं. पहिले चार दिवस मला त्यातलं काहीच लागेना. साक्षीमागून साक्षी, नोकरांचे जबाब, तेच प्रश्न फिरवून विचारलेले. मग हळूहळू दिसायला लागलं. 9 नोव्हेंबर 1874 ला सकाळी फेअरनं पपनसाचं सरबत घोटभर घेतलं, बरं वाटेना म्हणून उरलेलं ओतून दिलं आणि पेल्याच्या तळाशी गाळ दिसला. तपासणीत त्यात सोमल (आर्सेनिक) आणि हिऱ्याची पूड असल्याचं निघालं. पण त्याच महिन्याच्या सुरुवातीला मल्हाररावांनी व्हाइसरॉयना खरिता, म्हणजे दरबारी पत्र, पाठवून याच फेअरची बदली मागितली होती. म्हणजे महाराजांना याच्याशी वैर होतं, आणि यालाही महाराजांशी होतं. दोन्ही गोष्टी एकाच कागदावरून निघतात. तुम्ही कुठल्या बाजूनं वाचता त्यावर अर्थ फिरतो.

चौकशी आयोगावर सहा जण होते. अध्यक्ष सर रिचर्ड काऊच, बरोबर मीड आणि मेलव्हिल. हे तिघे इंग्रज. ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज रामसिंह आणि सर दिनकरराव राजवाडे हे तिघे हिंदी. यातले मीड म्हणजे ज्यांनी 1873 साली मल्हाररावांच्या कारभाराची चौकशी केली होती तेच. तिघा इंग्रजांनी दोषी ठरवलं, तिघा हिंदी सभासदांना आरोप सिद्ध झालेला दिसला नाही. आणि मल्हाररावांना काढलं तेव्हा सरकारच्या जाहीरनाम्यात कारण विषप्रयोगाचं नव्हतंच. वर्तन, गैरकारभार आणि सुधारणा करण्याची असमर्थता, ही कारणं होती. विष दिलं "म्हणून" काढलं, हे माझ्या टिपेतलं वाक्य चुकीचं होतं, आणि त्याला साडेचार मार्क होते. त्या रात्री मला झोप लागली नाही. बी.ए.त आणखी किती वाक्यांत असं "म्हणून" मी न तपासता लिहिलं असेल, हेच डोक्यात घोळत होतं.

तरी बी.ए.ला मी नावं ठेवणार नाही. तीन वर्षांत हडप्पापासून 1947 पर्यंतचा सांगाडा तयार होतो, आणि तो नसेल तर एम.ए.त माणूस पहिल्याच महिन्यात बुडतो. माझ्याबरोबर वाणिज्य करून आलेली एक मुलगी होती. ती माझ्यापेक्षा हुशार, पण दरबारी फारसी शब्द आला की तिला शतकच लागत नसे. तक्रार माझी वेगळी आहे. तीन वर्षांत एकदाही मूळ कागद कुणी हातात दिला नाही. नोट्स उतरवायच्या, गाईड आणायचं, आयएमपी प्रश्न करायचे. एखादी सनद, एखादं पत्र, एखादा ताम्रपट दुसऱ्याच वर्षी वाचायला दिला असता तर कितीतरी मुलं या विषयात टिकली असती. आमच्या वर्गातून एम.ए.ला आम्ही दोघीच गेलो.

भाषेचं बडोद्यात विशेष आहे. घरात मराठी, बाहेर गुजराती, पुस्तकं आणि पेपर इंग्रजीत, आणि गायकवाडांचे जुने कागद मोडी लिपीत. सुरुवातीला मला हे ओझं वाटायचं. नंतर कळलं की वर्गात ते कागद घरच्या भाषेतून वाचू शकणारी मीच एकटी, फक्त लिपी शिकायची होती.

मोडीबद्दल सविस्तर लिहिते, कारण याचा सगळ्यात जास्त उपयोग झाला. अक्षरं पंधरा दिवसांत येतात. पत्र वाचायला मला सात महिने लागले. आधी ओळभर शिरोरेघ ओढून तिला लटकवत अक्षरं लिहिलेली, दोन शब्दांत जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, वर प्रत्येक कारकुनाचा हात वेगळा. आमच्या गल्लीतले एक निवृत्त काका रोज संध्याकाळी एक ओळ द्यायचे आणि म्हणायचे, "आधी मोठ्यानं वाच, मग अर्थ शोध." हे खरंच लागू पडतं. डोळ्याला जे कळत नाही ते कानाला कळतं.

मग तारीख. कागदावर "इहिदे सितैन मया व अलफ" असं येतं. ही शुहूर सनाची (जुन्या मराठी कागदांतल्या कालगणनेची) अरबी संख्या, एक, साठ, शंभर आणि हजार, म्हणजे 1161. हे वर्ष मृगाला सुरू होतं, म्हणून जूनपासून डिसेंबरपर्यंतच्या कागदाला 599 मिळवायचे आणि जानेवारीनंतरच्याला 600. म्हणजे 1760-61, पानिपताचं वर्ष. पहिल्यांदा हे स्वतः सोडवलं तेव्हा मी ग्रंथालयात उभीच राहिले. दमाजी गायकवाड त्या लढाईत होते, हे शाळेपासून माहीत होतं. त्या वर्षाचं नाव त्या काळच्या कारकुनाच्या तोंडून ऐकणं मात्र पहिल्यांदाच घडत होतं.

आता त्रासाचं. एका दप्तरखान्यात परवानगीसाठी मी पाच आठवडे फेऱ्या मारल्या. शिफारसपत्र दिलं तर शिक्का नाही, शिक्का आणला तर साहेब रजेवर. शेवटी रुमाल (कागदांचं कापडी गाठोडं) सुटला तेव्हा आतले कागद वाळवीनं जाळी केलेले होते आणि मला हवं ते पुडकं त्यात नव्हतंच. लघुप्रबंधाचा विषय त्यामुळे अर्ध्यावर बदलावा लागला. म्हणून पहिल्या सत्रातच अर्ज करा आणि विषय ठरवण्याआधी कागद आहेत का ते बघून या. उलट करू नका, मी तेच केलं.

आणखी एक अवघड गोष्ट. बडोद्यात सयाजीरावांबद्दल प्रश्न विचारणं सोपं नाही, आणि माझंही त्यांच्यावर प्रेम आहे. सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण 1893 साली अमरेलीत आणि 1906 साली सगळ्या राज्यात. बी.ए.त हे अभिमानानं लिहिलं. एम.ए.त सरांनी विचारलं, मूल शाळेत आलं नाही तर दंड होता, तो कोणत्या घरांना बसला? मला राग आला होता. दोन महिने त्यावर वाचल्यावर माझा आदर कमी झाला नाही, पण शेतावर मूल लागतं म्हणून दंड भरणारी माणसंही दिसायला लागली. ती आधी दिसत नव्हती.

पुढे काय? शाळेत शिकवायचं तर बी.एड. आणि गुजरातेत टॅट ही शिक्षकांची परीक्षा. कॉलेजात शिकवायचं तर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा. नेटमध्ये विषयाचा पेपर शंभर प्रश्नांचा, 200 मार्कांचा, उणे गुण नाहीत. जेआरएफ (संशोधनाची शिष्यवृत्ती) मिळाली तर महिना 37,000, पण वयाची सर्वसाधारण अट 30. यूपीएससीला इतिहास वैकल्पिक घेणारे असतात. पहिल्या पेपरात 50 मार्क नुसत्या नकाशाचे, तेव्हा नकाशा बी.ए.पासूनच करा. जागा मात्र कमी निघतात, हे घरी स्पष्ट सांगून ठेवा. वर्षभरात पगार हवा असेल तर हा विषय घेऊ नका. आता चार वर्षांची पदवीही आहे. ती पूर्ण केली तर एम.ए. एका वर्षाचं, तीन वर्षांनी बाहेर पडलात तर दोन वर्षांचं. शक्य असेल तर चौथं वर्ष करा. संशोधनाला हात लावायला तेवढाच वेळ जास्त मिळतो.

सध्या मी सकाळी एका शाळेत तात्पुरती शिकवते, दुपारी नेटचा अभ्यास करते. मागच्या रविवारी आजीची गोष्ट फोनवर रेकॉर्ड केली. तिनं ती तिच्या सासूकडून ऐकलेली. सगळं सांगून झाल्यावर तिनं मला विचारलं, "मग घातलं का गं विष?" मी म्हटलं, सहापैकी तिघांना तसं वाटलं. ती म्हणाली, "तिघं म्हणजे अर्धे." नंतर रेकॉर्डिंग लिहून काढताना लक्षात आलं की तिच्या गोष्टीत सरबत पपनसाचं नाही, डाळिंबाचं आहे. हे डाळिंब कुठून आलं ते आता शोधतेय. गल्लीतल्या आणखी दोन आज्यांना विचारायचं ठरवलंय.