यकृत प्रत्यारोपणात पॉलिप्रॉपिलीन धागा: ६-० ला पूर्ण गुण, ८-० जपून

ऑपरेशन थिएटरमध्ये सरसकट ‘प्रोलीन’ म्हणतात तो पॉलिप्रॉपिलीनचा हा निळा, एकपदरी धागा. ६-०, ८-० हे त्याच्या जाडीचे आकडे; आकडा मोठा तितका धागा बारीक. त्याचा गुण निसरडेपणात, आणि त्रासही त्यातच.

जिवंत दात्याच्या यकृताची पोर्टल व्हेन (आतड्यांकडून यकृतात रक्त आणणारी शीर) जोडायला ६-० ला तोड नाही. दोन्ही टोकांना सुई असलेलाच घ्यावा. मागची भिंत आतून शिवायची, पुढची बाहेरून, सलग टाक्यांनी. गाठ मात्र भिंतीवर आवळायची नाही. आवळली की बटव्याची नाडी ओढावी तसं होतं आणि जोड अरुंद होतो. म्हणून शिरेच्या व्यासाच्या निम्म्याहून जास्त अंतर सोडून, धागा ढिला ठेवून गाठ मारतात. यकृत प्रत्यारोपणाचे अमेरिकन शल्यविशारद थॉमस स्टार्झल आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये मांडलेला हा ‘ग्रोथ फॅक्टर’. क्लॅम्प (रक्त अडवून धरणारा चिमटा) सुटला की शीर फुगते, ढिला धागा टाक्याटाक्यांतून आत सरकतो, जोड पूर्ण उघडतो. विणलेला रेशमी धागा असा सरकत नाही. सुरुवातीला रक्त थोडं झिरपतं; लगेच जादा टाके घालू नयेत, आधी शीर भरू द्यावी.

लहान मुलांत शीर वाढायची असते आणि हा धागा विरघळत नाही. तिथे विरघळणारा पॉलिडायॉक्झॅनोन विचारात घ्यावा.

यकृताच्या धमनीचं काम वेगळं. व्यास जेमतेम २ ते ३ मिलिमीटर, ८-० ची जाडी ०.०४ मिलिमीटरच्या आसपास. चांगला लूप (डोळ्यांवर लावायचं भिंग) किंवा मायक्रोस्कोप हवाच. आधी समोरासमोर दोन टाके, मग मधले सुटे टाके, नंतर क्लॅम्प उलटवून मागची बाजू. रुग्णाच्या धमनीचं आतलं अस्तर सुटून येतं, म्हणून त्या बाजूला सुई आतून बाहेर काढावी. अस्तराला चिमट्याने धरू नये. सुटलेला पापुद्रा आत राहिला तर गुठळी होते, आणि पित्तनलिका धमनीच्या रक्तावरच जगत असल्याने आधी त्या मरतात.

इथेच धाग्याच्या खोडी कळतात. पाकिटातली वळणं जात नाहीत. ओल्या बोटांनी हलकेच ताणावा. गाठ सुटू पाहते, पाच-सहा फेरे लागतात. नीडल होल्डरने (सुई धरायच्या चिमट्याने) धागा चिमटला की तिथेच तुटतो.

धमनी २ मिलिमीटरच्या आत असेल तर ९-० नायलॉन बरा, त्याची गाठ मऊ बसते. म्हणून व्यास पाहिल्याशिवाय ८-० चं पाकीट फोडू नये. फोडलेलं पुन्हा निर्जंतुक करून वापरता येत नाही.